जुनी ॲक्सेस फाईल नव्या संगणकावर: आधी डेटा सोडवा, फॉर्म नंतर

सोसायटी पुनर्विकासाला निघाली की वकिलाची पहिली मागणी सभासदांच्या नोंदींची असते: भागपत्र कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, हस्तांतरण कधी झालं. दादर-गिरगावपासून मुलुंडपर्यंत कितीतरी सोसायट्यांमध्ये या नोंदी कुणा हौशी सेक्रेटरीने पंचवीसेक वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या, म्हणजे तक्त्यांत नोंदी ठेवण्याच्या, प्रोग्रॅममध्ये भरून ठेवल्या आहेत. कपाटातून सीडी निघते, नव्या लॅपटॉपवर फाईलवर डबल क्लिक होतं आणि निरोप येतो की आधीच्या आवृत्तीत तयार केलेला डेटाबेस उघडता येत नाही. मग घाईत जे होतं त्यानेच खरं नुकसान होतं. कोणी फाईलच्या नावाच्या शेवटचं एमडीबी (जुन्या ॲक्सेस फाईलचं) हे आडनाव पुसून एसीसीडीबी (नव्या फाईलचं) लिहितं, कोणी इंटरनेटवरून 'रिपेअर'चं फुकट सॉफ्टवेअर उतरवून मूळ फाईलवरच चालवतं. आडनाव बदलल्याने आतली रचना बदलत नाही, आणि अर्धवट दुरुस्ती झालेली फाईल नंतर कोणाच्याच हाती लागत नाही.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. फॉर्म (नोंदी भरायचा पडदा) कसा दिसतो, बटण चालतं का, हे पाहण्याचा मोह शेवटपर्यंत आवरायचा आहे.

१. जुन्या संगणकावरून काय काय उचलायचं

फक्त एक फाईल उचलू नका. ज्या फोल्डरमध्ये ती आहे ते अख्खं फोल्डर घ्या. त्यात साधारण या गोष्टी सापडतात:

- एमडीबी फाईल, एक किंवा अधिक. फॉर्म एकीत आणि डेटा दुसरीत, अशी विभागणी पुष्कळांनी केलेली असते.
- एमडीडब्ल्यू फाईल. वापरकर्त्यांची नावं आणि परवानग्या हिच्यात असतात. ही बऱ्याचदा वेगळ्या फोल्डरमध्ये असते, म्हणून संपूर्ण डिस्कवर शोधा.
- एमडीई फाईल. ही बंद केलेली प्रत. हिच्यातून टेबलं (नोंदींचे तक्ते) बाहेर काढता येतात, पण फॉर्म आणि कोड नव्या आवृत्तीत रूपांतरित होत नाहीत. एमडीई दिसली की तिची मूळ एमडीबी कुठे आहे हे शोधायला लागा.
- मराठी फॉन्टच्या फाईली. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून श्रीलिपी, सुरेख, क्रुतिदेव जे असेल ते घ्या. याचं कारण नवव्या पायरीत येईल.

हे मी माझ्याच फजितीतून शिकलो. एका सोसायटीतून मी खुशीत एक एमडीबी घेऊन आलो. घरी उघडली तर सगळे फॉर्म जागच्या जागी आणि नोंद एकही नाही. डेटाची फाईल जुन्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर राहिली होती आणि संगणक दोन दिवसांपूर्वीच भंगारवाल्याकडे गेला होता. नशिबाने त्याने तो अजून फोडला नव्हता. बेचाळीस सदनिकांचा पंधरा वर्षांचा हिशोब आणि फाईल जेमतेम आठशे केबी, हे पाहूनच मला शंका यायला हवी होती.

तपासा: जुना संगणक अजून सुरू होतो का? होत असेल आणि त्यावर ॲक्सेस ९७ असेल, तर फाईलच्या नकलेवर तिथेच मॉड्यूल्स (कोडचे भाग) कंपाईल करून सेव्ह करा आणि मग कॉम्पॅक्ट करा, म्हणजे फाईलमधली वाया गेलेली जागा काढा. पुढचं निम्मं काम सोपं होतं. ॲक्सेस ९७ मध्ये कॉम्पॅक्ट आणि रिपेअर या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, त्यामुळे एक केली म्हणजे दुसरी झाली असं समजू नका.

२. तीन नकला, आणि मूळ फाईल बाजूला

ॲक्सेस नुसती फाईल उघडली तरी तिच्यात काहीतरी लिहितं. म्हणून मूळ फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि पुन्हा त्याकडे पाहू नका. दुसरी नक्कल कामाची. तिसरी, काम बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला.

कामाची नक्कल लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर हवी. पेनड्राइव्हवर नको, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर अजिबात नको. तिथे फाईल उघडी असतानाच वर चढवली जाते आणि लिहिणं मध्येच तुटतं.

आता नकलेवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. दोन गोष्टी पाहायच्या. सीडीवरून आलेल्या फाईलला 'रीड-ओन्ली'ची खूण चिकटलेली असू शकते, ती काढा. फाईल मेलने किंवा डाउनलोड होऊन आली असेल तर खाली 'अनब्लॉक' असा चौकोन दिसेल, तिथे खूण करा. ती न केल्यास पुढे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सावधान: फोल्डरमध्ये एलडीबी नावाची छोटी फाईल दिसली तर ती कुलपाची फाईल आहे. डेटाबेस कोणी वापरत नसल्याची खात्री असेल तरच ती पुसा.

३. फाईल नेमकी कोणत्या पिढीची, हे ओळखा

'जुनी ॲक्सेस फाईल' म्हणणं पुरेसं नाही. एमडीबी हे एकच आडनाव तीन-चार पिढ्यांनी लावलं. जेट म्हणजे ॲक्सेसच्या आतलं डेटा साठवणारं इंजिन. ॲक्सेस ९७ ची रचना जेट ३ ची, ॲक्सेस २००० ते २००३ ची जेट ४ ची, आणि २००७ पासून एसीसीडीबी आली. ॲक्सेस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या जेट ४ ची फाईल उघडतात, पण ९७ ची उघडत नाहीत. सगळा घोळ इथे आहे.

ओळखायची खात्रीची रीत अशी. फाईलची नक्कल कोणत्याही हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. उजवीकडच्या रकान्यात अगदी सुरुवातीला इंग्रजीत 'स्टँडर्ड जेट डीबी' असं वाचता येईल. एसीसीडीबी असेल तर 'स्टँडर्ड एस डीबी'. आता सोळा-सोळाच्या ओळींमधली दुसरी ओळ घ्या आणि तिच्यातला पाचवा आकडा पाहा. तिथे ०० असेल तर जेट ३, म्हणजे ९७ किंवा त्याआधीची फाईल. ०१ असेल तर जेट ४. ०२ किंवा त्यापुढे असेल तर नवी रचना.

- ०० आलं: चौथ्या पायरीवर जा.
- ०१ आलं: चौथी पायरी सोडा, थेट पाचवी.
- 'स्टँडर्ड' हा शब्दच नाही, नुसती शून्यं किंवा काहीतरी गिचमीड: फाईलचं डोकंच गेलं आहे, किंवा ती ॲक्सेसची नाहीच. इथे थांबा आणि दुसरी सीडी शोधा. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या सीडीला बुरशी धरते. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसून ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहा.

४. मधला पूल: ९७ ते २००३

९७ च्या फाईलला नव्या ॲक्सेसपर्यंत थेट रस्ता नाही. मध्ये ॲक्सेस २००३, २००७ किंवा २०१० लागतं. ओळखीच्या कुठल्या तरी ऑफिसात २०१० अजून चालू असतं. नसेल तर त्याची अधिकृत प्रत असलेला जुना संगणक दोन तासांसाठी मागून घ्या. २०१० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १३ ऑक्टोबर २०२० ला संपला आहे, त्यामुळे त्या संगणकाचं इंटरनेट काम होईपर्यंत बंद ठेवा.

क्रम असा:

पहिलं, विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा' इंग्रजी आहे ना, ते पाहा. विंडोज १० किंवा ११ असेल तर त्याच खिडकीतली यूटीएफ-८ ची 'बीटा' खूण काढलेली हवी. जेट ३ मध्ये मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धती) नसतो, जेट ४ मध्ये असतो. रूपांतराच्या वेळी विंडोज हीच सेटिंग पाहून अक्षरं बदलतं. इथे चूक झाली तर मराठी फॉन्टमधला मजकूर कायमचा बिघडतो आणि महिनाभर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं, शिफ्ट दाबून ठेवून फाईल उघडा, म्हणजे आपोआप सुरू होणारा मॅक्रो अडवला जातो. फाईल सुधारायची का, असं विचारलं जाईल.

तिसरं, रूपांतर २००२-२००३ च्या एमडीबीत करा, नवं नाव देऊन. एसीसीडीबीवर उडी मारू नका. वापरकर्त्यांच्या परवानग्या, म्हणजे ती एमडीडब्ल्यूची व्यवस्था, एसीसीडीबीत चालत नाही. एमडीबीत ती नव्या आवृत्त्याही मानतात.

परवानगी नसल्याचा निरोप आला तर पासवर्ड फोडायला बसू नका. ॲक्सेसचा शॉर्टकट करा. त्यात आधी प्रोग्रॅमचा पत्ता, मग फाईलचा, मग वर्कग्रुपचा स्विच (तिरकी रेघ आणि तिला जोडून डब्ल्यू-आर-के-जी-आर-पी) आणि शेवटी एमडीडब्ल्यूचा पत्ता लिहा. पासवर्ड बहुधा जुन्या सेक्रेटरींच्या डायरीत असतो. एका काकांनी मला फोनवर विचारलं, "अहो, तो तर आमच्या पहिल्या सदनिकेचा नंबर होता, तुम्ही विचारलंच नाहीत!"

जुनं ॲक्सेस मिळतच नसेल तर निदान डेटा वाचतो. विंडोजमध्ये जेट ४ चं ३२-बिट इंजिन अजून असतं आणि ते ९७ ची टेबलं वाचतं. मात्र त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट सिसवाऊ६४ फोल्डरमधल्या ३२-बिट प्रोग्रॅममधूनच चालवावी लागते. लिनक्सवर एमडीबीटूल्स हे सॉफ्टवेअर टेबलं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) काढून देतं. दोन्हीकडे फॉर्म आणि रिपोर्ट हाती लागत नाहीत. सभासदांची यादी एवढीच गरज असेल तर हे पुरे आहे, पुढचं काही करू नका.

५. मोजणी

रूपांतर झालं की लगेच, काहीही न बदलता, प्रत्येक टेबलातल्या नोंदी मोजा आणि जुन्या फाईलशी ताडून पाहा. जुनी फाईल उघडत नसेल तर अंदाज बांधा. बेचाळीस सदनिका, तिमाही बिल, पंधरा वर्षं: बिलांच्या टेबलात साधारण २,५२० नोंदी हव्यात. दीड हजारच दिसल्या तर काहीतरी गळलं आहे. रकमेच्या रकान्याची बेरीज करा आणि ३१ मार्चच्या एखाद्या छापील ताळेबंदाशी जुळवा. आय नमुन्याची सभासद नोंदवही कपाटात असतेच, तिच्यातली पाच नावं सहज उघडून पाहा.

आकडे जुळले की सगळी टेबलं एकेक करून सीएसव्हीत काढून ठेवा. पुढे काही फिसकटलं तरी नोंदी हातात राहतात.

जुळले नाहीत तर आता, आणि फक्त नकलेवर, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. त्यानंतर 'एमसिसकॉम्पॅक्टएरर' नावाचं टेबल नव्याने दिसलं तर ते उघडा; कोणती नोंद टाकून द्यावी लागली ते तिथे लिहिलेलं असतं. मेमो (लांब मजकुराच्या) रकान्यात चिनी वाटणारी अक्षरं किंवा 'डिलीटेड' दिसत असेल तर ती ओळ मेलेली आहे. नवा रिकामा डेटाबेस करा आणि क्रमांकाच्या टप्प्यांनी नोंदी त्यात टाका: १ ते ५००, ५०१ ते १०००. जो टप्पा अडेल तो अर्धा करा, पुन्हा अर्धा करा. अशी अर्धी-अर्धी करत खराब ओळ सापडते आणि बाकीच्या सुटतात. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

६. तुटलेले दुवे जोडा

आता नव्या ॲक्सेसमध्ये. आधी कामाचं फोल्डर विश्वासू ठिकाणांत घाला: फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्स. मग लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा; दुसऱ्या फाईलमधल्या टेबलांचे पत्ते तिथे असतात. जुना पत्ता डी ड्राइव्हचा किंवा ऑफिसातल्या नेटवर्कचा असेल. तो नव्या फोल्डरचा द्या. डेटाची फाईलही ९७ ची असेल तर ती चौथ्या पायरीतून गेलेली हवी. लोक दर्शनी (फॉर्मची) फाईल बदलतात, मागची तशीच ठेवतात आणि मग ओळखता न येणाऱ्या रचनेचा निरोप पाहून बुचकळ्यात पडतात.

७. कोड: 'मिसिंग' शोधा

आधी तुमचं ऑफिस ३२-बिट की ६४-बिट ते पाहा: फाईल, अकाउंट, अबाउट. ऑफिस २०१९ पासून मुद्दाम सांगितलं नाही तर ६४-बिटच बसतं.

आता एक लक्षण. बिलाचा फॉर्म उघडतो आणि चूक दाखवतो ती 'डेट' किंवा 'लेफ्ट' अशा अगदी साध्या फंक्शनवर. प्रोजेक्ट किंवा लायब्ररी (तयार कोडचा संच) सापडत नाही म्हणून. माणूस ती ओळ दहा वेळा तपासतो. ओळीत काहीच चुकलेलं नसतं. ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, टूल्समध्ये रेफरन्सेस. यादीत एखाद्या नावामागे 'मिसिंग' लिहिलेलं असतं. एक लायब्ररी हरवली की बाकीची धड असलेली फंक्शन्सही सापडेनाशी होतात. खूण काढा आणि डिबग मेन्यूतून कंपाईल करा.

- जुन्या डीएओ ३.५ किंवा ३.६ ऐवजी ऑफिसची ॲक्सेस डेटाबेस इंजिन लायब्ररी निवडा.
- 'टाइप मिसमॅच' आलं आणि ओळीत नुसतं 'रेकॉर्डसेट' असेल, तर डीएओ आणि एडीओ या डेटा वाचण्याच्या दोन लायब्ररींत गल्लत झाली आहे. आधी 'डीएओ' आणि टिंब लावून पूर्ण नाव लिहा.
- 'डिक्लेअर'ने सुरू होणाऱ्या ओळी ६४-बिटमध्ये लाल होतात. त्यांना 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो आणि हँडल किंवा पत्ता धरणारे लाँग प्रकारचे चल 'लाँगपीटीआर' करावे लागतात. शब्द घातला, प्रकार तसाच ठेवला, तर कंपाईल होतं आणि चालवताना अख्खं ॲक्सेस बंद पडू शकतं.
- फॉर्मवरचं जुनं कॅलेंडर कंट्रोल २०१० पासून ऑफिसबरोबर येत नाही. ते काढून टाका. तारखेच्या रकान्याला स्वतःचं कॅलेंडर असतं.

कोड तुमचा नसेल आणि अशा ओळी पन्नासच्या वर असतील, तर ३२-बिट ऑफिस बसवणं स्वस्त पडतं. यात कमीपणा काही नाही.

८. तारखा: १ एप्रिल की ४ जानेवारी

ही चूक सर्वांत महाग, कारण ती कोणताही निरोप देत नाही.

टेबलातली तारीख नव्या संगणकावर बदलत नाही. पण कोडमध्ये तारीख जोडून क्वेरी (टेबलाला विचारलेला प्रश्न) बनवली असेल, तर हॅशच्या (#) खुणांमधली तारीख ॲक्सेस आधी महिना, मग दिवस अशी वाचतं. जुना संगणक अमेरिकन पद्धतीवर होता, म्हणून सगळं बरोबर चालत होतं. नवा लॅपटॉप 'इंग्रजी (भारत)' वर आहे. आता ०१-०४ म्हणजे १ एप्रिल असं आपण समजतो आणि क्वेरी ४ जानेवारी समजते. आर्थिक वर्षाचा अहवाल मागच्या वर्षाचे जवळजवळ तीन महिने पोटात घेऊन येतो. थकबाकीवरचं व्याजही त्यावरच मोजलं जातं आणि सर्वसाधारण सभेत भांडण होतं ते खजिनदाराशी.

वर्षअखेरची ३१-०३ मात्र बरोबर येते, कारण एकतिसावा महिना नसतो आणि ॲक्सेस दिवस-महिना आपणच उलटवून घेतं. म्हणून एकाच अहवालात एक टोक बरोबर आणि दुसरं चूक.

उपाय: कोडमध्ये जिथे हॅशची खूण आहे तिथे 'फॉरमॅट' वापरून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं स्पष्ट लिहा. विंडोजची सेटिंग अमेरिकन करून वेळ मारून नेऊ नका. पुढचा सेक्रेटरी ती बदलेल.

तपासा: १ ते १२ या तारखांची दोन बिलं आणि १३ नंतरची दोन, अशी चार बिलं काढून जुन्या छापील बिलांशी ताडा.

९. मराठी मजकूर

सभासदाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तेव्हा डेटा गेला असं समजू नका. श्रीलिपी, क्रुतिदेव, सी-डॅकचा सुरेख हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देत. तोच फॉन्ट बसवला की नाव दिसतं. 'तोच' म्हणजे तोच: प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टचाही वेगळा असू शकतो.

कायमचा उपाय युनिकोडमध्ये रूपांतर. पण नवा रकाना करा आणि त्यात टाका, जुना पुसू नका. र्‍ह, द्य, क्ष, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्यावर कन्व्हर्टर हमखास अडखळतात. अशी नावं डोळ्यांनी वाचावी लागतात.

आणखी एक छुपा खड्डा. ॲक्सेस तुलना करताना इंग्रजी छोटं आणि मोठं अक्षर एकच मानतं. क्रुतिदेवमध्ये छोटा डी दाबला की 'क', मोठा दाबला की अर्धा 'क्'. म्हणजे आपल्या डोळ्यांना वेगळी असलेली दोन नावं ॲक्सेसला सारखी वाटू शकतात आणि गट करणारी क्वेरी ती एकत्र करते. रूपांतर होईपर्यंत नावावर गट करू नका, सदनिका क्रमांकावर करा.

१०. शेवटी एसीसीडीबी, लागलंच तर

सगळं चालल्यावर 'सेव्ह डेटाबेस ॲज' मधून एसीसीडीबी करा. परवानग्यांची व्यवस्था तिथे राहणार नाही, म्हणून डेटाबेसला नवा पासवर्ड द्या. रिपोर्टच्या पेज सेटअपमध्ये जुन्या डॉट मॅट्रिक्सचं नाव अडकलेलं असतं, तिथे डिफॉल्ट प्रिंटर निवडा आणि कागद ए४ करा.

मग एका पाकिटात मूळ सीडी, झिप असलेला पेनड्राइव्ह, सीएसव्हीची नक्कल आणि पासवर्डची चिठ्ठी घाला. वर रूपांतराची तारीख आणि नोंदींचे आकडे लिहा. पाकीट सोसायटीच्या कपाटात, वरच्या खणात. खालच्या खणात पावसाचं पाणी येतं.